कुठला मुनवा ठेवायचा

केळ एकटी लावता येते, एकटी ठेवता येत नाही. लावल्यानंतर काही महिन्यांतच तिच्या बुडाशी माती फुगते, बारीक भेग पडते आणि भेगेतून अणकुचीदार टोक वर येतं. मग दुसऱ्या अंगानं आणखी एक, मग भिंतीच्या बाजूनं दोन. आंबा लावणारा माणूस एक झाड लावतो आणि जन्मभर त्याच झाडाकडे पाहतो. केळ लावणाऱ्याचं तसं नाही. त्यानं लावलेली केळ वर्ष-सव्वा वर्षानं एकदाच घड देते आणि संपते. पुढं तो सांभाळतो ती तिची लेक, मग त्या लेकीची लेक. परसातली केळ फार जुनी आहे असं एखाद्या घरी सांगतात, तेव्हा तिथलं एकही पान, एकही खोड तितक्या वयाचं नसतं. वय असतं ते बेटाचं.

म्हणून पाणी किती आणि खत किती, हे मला केळीच्या बाबतीत दुय्यम वाटतं. ते कुणीही सांगतं. बुडाशी सहा-सात मुनवे उभे असताना त्यांतला कुठला ठेवायचा आणि बाकीच्यांवर कोयता कधी चालवायचा, हे ज्या घराला कळतं त्या घरी केळ टिकते. रायपुरात, तेलीबांध्याला आमच्या घरी ती टिकली आहे. ती सासूबाईंनी टिकवली.

सासूबाई रावेरकडच्या. रावेर, यावल, चोपडा हा जळगाव जिल्ह्यातला केळीचा मुलूख. त्यांच्या लहानपणी सावदा आणि रावेरच्या स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जात, आणि घड वाहणाऱ्या बैलगाड्यांची रांग स्टेशनापासून गावापर्यंत लागे, असं त्या सांगतात. लग्न होऊन त्या रायपूरला आल्या. रायपूरला मराठी माणूस नवा नव्हता. अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला, तेव्हापासून मराठी घरं या मुलखात आहेत. तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती; दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच शहरात राहिले आणि १९२६ साली इथंच वारले. पण शहरात आपली माणसं असणं वेगळं आणि परसात आपलं झाड असणं वेगळं. भुसावळ आणि रायपूर मुंबई-हावडा मार्गावर एकाच रेघेत आहेत. माहेराहून परतताना सासूबाईंनी ओल्या गोणपाटात गुंडाळून बसराईचे मुनवे आणले. रायपूरला उतरून धमतरीच्या छोट्या लाइनीनं त्या तेलीबांध्याला आल्या. त्या लाइनीचे रूळ आता इथं नाहीत, त्या पट्टीवरून रुंद रस्ता जातो. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी मरीन ड्राइव्ह झाला आहे, तिथं संध्याकाळी चालायला पाय ठेवायला जागा नसते. त्या मुनव्यांची पिढी मात्र परसात आहे.

बसराई ही परसासाठी देवानंच घडवलेली जात आहे असं माझं मत आहे. ती बुटकी, माणसाच्या उंचीपेक्षा फार वर न जाणारी. वारा तिला कमी लागतो, घड हाताशी येतो आणि मुनवा काढायला वाकलं की बूड नीट दिसतं. जळगावकडे आता टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैनच्या बागा आहेत, आणि शेतासाठी ती निवड योग्यच आहे. सगळी रोपं एका वयाची, निरोगी, एकाच सुमाराला घड देणारी. व्यापाऱ्याची गाडी एका दिवशी भरायची असते. परसाला ती घाई नसते. तिथं आई घड देत असताना लेक कमरेएवढी आणि नात जमिनीतून नुकतं डोकं काढणारी, असे तिन्ही वयांचे जीव एका जागी उभे असायला हवेत.

छत्तीसगडचा शेतकरी मातीला नावानं ओळखतो. मुरमाड, तांबडी, पाणी न धरणारी ती भाठा. पिवळसर, हलकी, धानाला सोयीची ती मटासी. तिच्याहून भारी डोरसा. आणि काळी, चिकट, पावसात फुगणारी आणि उन्हात हात जाईल इतक्या भेगा पडणारी ती कन्हार. आमचं परस कन्हारचं. कन्हारला बळ असतं, पण ती पाणी सोडत नाही. केळीच्या मुळ्या खोल जात नाहीत, बहुतेक वरच्या हातभर मातीतच पसरतात, आणि पाण्यात बुडून राहिल्या की दोन-तीन दिवसांत कुजायला लागतात. रायपूरचा पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, वर्षाचा जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. सासूबाईंनी म्हणून केळीसाठी मटासी आणून, शेणखत मिसळून गुडघाभर उंचीचा ओटा केला. ओटा एकदा करून भागत नाही. केळीचा प्रत्येक नवा कंद जुन्याच्या कडेला आणि थोडा वर बसतो, त्यामुळे बेट पिढीगणिक जमिनीतून वर येत जातं. मुळ्या उघड्या पडतात आणि भरल्या घडानिशी केळ कलंडते. दर पावसाळ्याआधी बुडाशी मातीची भर द्यायची, हे आमच्या घरातलं वर्षाचं काम आहे, जसं पापड-कुरडयांचं असतं.

जुन्या घरांत केळीची जागा ठरलेली असे, मोरीच्या तोंडाशी. या जागेमागचं शहाणपण मला फार उशिरा उमगलं आणि त्यानं मी थक्क झाले. पूर्वी भांडी चुलीच्या राखेनं घासत. राखेत पालाश असतं आणि ते पाण्यात सहज विरघळतं. केळीला सगळ्यांत मोठी भूक पालाशची. शेतात बसराईच्या एका झाडाला २०० ग्रॅम नत्र आणि तितकंच पालाश द्यायला सांगतात. म्हणजे घरातली बाई दिवसातून दोनदा भांडी घासत होती आणि दोनदा केळीला पालाश पोचत होतं. तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, ताकाचं विसळण, सगळं त्याच वाटेनं जायचं. घरातून बाहेर पडणारं पाणी वाया जात नव्हतं आणि साचतही नव्हतं, कारण मोरीपाशी एक पाणखाऊ जीव उभा होता. केळीच्या खोडात दहातले नऊ भाग पाणीच असतं.

राख गेली, साबणाची पावडर आली. त्या पाण्यातला क्षार केळीला सोसत नाही. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत आत करपत येतात. सासूबाईंनी तेव्हा दोन पाणी वेगळी केली. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या बेसिनचा पाइप केळीकडे वळवला, कपड्यांचं पाणी नालीत. भांड्यांचा पहिला साबणाचा हात बादलीत, नंतरची विसळणी केळीला. एवढं पाहायला घरातल्या प्रत्येकाला शिकावं लागलं, मुलांनाही. रायपूर हे तळ्यांचं शहर आहे. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब, आमचं तेलीबांधा. आणि शहरातल्या तळ्यांचं दुखणं बहुतेक ठिकाणी एकच, वस्तीचं सांडपाणी. एका घराच्या तांदळाच्या पाण्यानं तळं सुधारत नाही हे मला कळतं. पण ज्या घराला हातभर मोकळी जमीन आहे त्यानं आपलं धुवण दाराबाहेर ढकलण्याआधी एका केळीला विचारावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. अंगणाला सिमेंटची लादी घालून घेणाऱ्या घरांकडे पाहून मला वाईट वाटतं ते याचसाठी.

पावसाळ्यात बेट सगळ्यांत जोमात असतं. साधारण आठवड्याला एक सुरळी वर येते, फिकट पोपटी, आणि उलगडत जाते. मेच्या अखेरीला सूर्य रोहिणीत येतो, इकडे त्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात. पारा पंचेचाळीसच्या घरात, दुपारी लू, रस्त्यावर माणूस नाही. त्या दिवसांत केळीला दोन्ही वेळा पाणी आणि बुडाशी तिचीच वाळलेली पानं पसरलेली. वाळलेली पानं खोडावर लोंबत असतात ती दिसायला बरी नसतात, पण उन्हाळ्यात काढायची नाहीत. खोडाची साल त्यांच्या सावलीत वाचते. घड लागलेला असेल तर त्याच्यावरही तीच पांघरायची. थंडीत याच्या उलट. रात्रीचा पारा बारा-तेरावर आला की केळ थबकते, सुरळी आठवडेच्या आठवडे मिटलेली राहते. ऐन थंडीत निसवायची, म्हणजे केळफूल बाहेर टाकायची, वेळ आली तर घड खोडाच्या गळ्यातच अडकतो, अर्धा बाहेर, अर्धा आत, आणि फण्या वेड्यावाकड्या होतात. हे लक्षात ठेवा, कारण मुनवा निवडताना याचा हिशेब लागतो.

वाऱ्यानं केळीची पानं फाटतात आणि पाहणाऱ्याला तिची दया येते. ती दया अनाठायी आहे. पान फाटतं ते आडव्या शिरांच्या मधून, काठापासून मधल्या दांड्यापर्यंत, आणि प्रत्येक पट्टी आपलं काम करत राहते. सबंध पान वाऱ्याला अडवेल तर ओढाताणीत बूडच हलेल. फाटल्यामुळे वारा निघून जातो. जेवायला पान हवं असेल तर मात्र दोन भिंतींच्या कोपऱ्यातल्या केळीचं घ्यावं. आमच्या गल्लीत लग्नकार्याला साल-पळसाच्या पानांच्या पतरीवर पंगत बसते, आमच्याकडे गणपतीला केळीच्या पानावर, शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे. शेजारची मुलं दोन्ही पंगतींत जेवून मोठी झाली. त्यांना पतरीवरचा भात आणि पानावरचा भात यांच्या वासातला फरक डोळे मिटून सांगता येतो.

निसवण्याआधी एक पान आखूड येतं. रुंदीला नेहमीसारखं, पण लांबीला निम्मं. ते दिसलं की सासूबाई घरात सगळ्यांना सांगतात. त्यानंतर खोडाच्या तोंडातून जांभळं कमळ बाहेर येतं, दांडा वळतो, कमळ खाली झुकतं. रोज एक-दोन जांभळी पाती उचलली जातात, मागं वळतात, गळतात आणि प्रत्येक पातीखाली फुलांची ओळ दिसते. पहिल्या काही ओळी मादीफुलांच्या, त्यांच्याच फण्या होतात. पुढच्या ओळी नरफुलांच्या, त्या झडून जातात. आपल्या केळीला फळ धरण्यासाठी परागाची गरजच उरलेली नाही, तरीही फुलात मध भरपूर असतो. दिवसा शिंजीर येतो, अंधार पडल्यावर वटवाघळं. फळाच्या दृष्टीनं त्यांच्या येण्याचा काही उपयोग नाही. केळ तरीही त्यांना मध देते, हे मला फार आवडतं.

युरोपात या फुलासाठी एका माणसानं केवढा खटाटोप केला होता. १७३६ साली हॉलंडमध्ये, हार्टेकॅम्प इथल्या जॉर्ज क्लिफर्ड यांच्या बागेतल्या काचघरात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं केळ फुलवून दाखवली. आधी कोरडं ठेवायचं आणि मग एकदम भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे उष्ण देशातला उन्हाळा आणि पावसाळा काचेच्या आत उभा करायचा, ही त्याची युक्ती. त्या एका केळीवर त्यानं ‘मुसा क्लिफोर्टियाना’ नावाचं पुस्तक लिहिलं. पुढं शंभरेक वर्षांनी इंग्लंडात डेव्हनशायरच्या ड्यूकच्या काचघरात त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानं बुटकी केळ वाढवली आणि ड्यूकचं आडनाव त्या जातीला चिकटलं, कॅव्हेंडिश. आमची बसराई त्याच गटातली. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्या माळ्यानं पुढं मुनवा कुठला ठेवला? मला ते ठाऊक नव्हतं, आणि प्रश्न अगदी नेमका होता.

फण्या सुटून झाल्या की कमळ कापायचं. घडाचं बळ खाली वाहून जात नाही आणि घरात केळफुलाची भाजी होते. ती करायला अर्धा दिवस लागतो. हाताला तेल, अंगावर जुनं लुगडं, कारण केळीचा चीक कपड्याला लागला की कायमचा. एकेका फुलातला टणक दांडा आणि पातळ खवल काढायचं, चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं, सकाळी काळे वाटाणे घालून परतायचं. रायपूरच्या बाजारात काळे वाटाणे मिळत नाहीत तेव्हा इथले काळे चणे चालतात, आणि मला तर तेच जास्त आवडायला लागले आहेत.

घड वजन धरायला लागला की टेकू हवा. बांसटालवरून दोन बांबू आणायचे, कात्रीसारखे बांधून दांड्याखाली लावायचे. बोटांच्या धारदार कडा भरत येऊन गोल झाल्या की घड उतरवायचा. निसवल्यापासून तीन-चार महिने, मधे थंडी आली तर आणखी. स्वयंपाकघराच्या तुळईला टांगलेला घड वरच्या फणीपासून खाली पिकत येतो. घरात इतकी केळी कुणी खाऊ शकत नाही. ती गल्लीत जातात, छठच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या सूपात जातात, आणि घरोघरी पोचवायला जो मुलगा जातो त्याला प्रत्येक दारात काहीतरी खायला मिळतं.

मग आईला कापायचं. बुडातून नव्हे. पानं काढायची आणि छातीएवढं खोड तसंच उभं ठेवायचं, कारण त्यातलं पाणी आणि अन्न कंदावाटे लेकीकडे उतरत राहतं. महिन्या-दोन महिन्यांत ते आपोआप मऊ पडतं, तेव्हा खाली घ्यायचं. वरचा कापलेला भाग आम्ही सोलतो. एकामागून एक सोपटं निघत जातात. त्यांच्या दोऱ्यानं गजरे बांधायचे, उरलेली घुरव्यात, म्हणजे परसातल्या खताच्या खड्ड्यात. सगळी सोपटं निघाल्यावर मधे मनगटाएवढा पांढरा, कुरकुरीत गाभा हाती येतो. त्याची कोशिंबीर करतात.

हा गाभा हातात धरला की मला बौद्धांच्या संयुत्त निकायातलं फेण सुत्त आठवतं. सार शोधत रानात गेलेला माणूस केळ तोडतो, एकेक थर सोलतो आणि त्याला आत सारच काय, कच्चं लाकूडही सापडत नाही. संस्कार असे निःसार आहेत, असा तिथला दृष्टान्त. आपल्याकडच्या संतांनीही संसाराला केळीची उपमा दिली आहे. मी ती ऐकत मोठी झाले आणि परसात दरवर्षी गाभा निघताना पाहून मला वाटे की उपमा देणाऱ्यांनी केळ नीट सोलली नसावी. नंतर सुत्ताचा अनुवाद लक्षपूर्वक वाचला. तिथं त्या केळीचं वर्णन स्पष्ट आहे, सरळ, कोवळी, अजून आत फुलाचा दांडा न आलेली. आणि ते तंतोतंत खरं आहे. निसवण्याआधीच्या केळीत थरच असतात, पानांचे देठ एकात एक बसलेले, दुसरं काही नाही. फूल जमिनीतल्या कंदात जन्मतं आणि खोडाच्या पोकळीतून वर चढत येतं. ते चढतं त्याच्याबरोबर गाभा तयार होतो. म्हणजे केळीत सार आधीपासून नसतं, फळायची वेळ येते तेव्हा ते उगवतं. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगणाऱ्यानं केळ माझ्याहून कितीतरी बारकाईनं पाहिली होती. त्या जाणकारीपुढं मला हात जोडावेसे वाटतात.

आता मुनवा. बुडाशी दोन तऱ्हेचे मुनवे येतात. एकाची पानं सुरुवातीपासून रुंद, मोठ्या केळीच्या पानांसारखीच, तजेलदार. त्याला पाणपील म्हणतात. दुसऱ्याची पानं अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी, आणि बूड मात्र जाड, वर निमुळतं होत जाणारं. नवख्या माणसाला विचारलं तर तो रुंद पानांचाच ठेवील, कारण तो वाढलेला दिसतो. खरं तर त्याची घाई ही त्याची गरज असते. त्याचा कंद लहान, आईच्या कंदाला वरवर चिकटलेला; तिच्याकडून पुरेसं मिळत नाही म्हणून त्यानं लवकर पानं पसरून स्वतःचं पोट भरायला घेतलेलं असतं. तलवारी मुनवा आईच्या कंदात खोल रुजलेला असतो. त्याला पानांची घाई नाही, कारण त्याचं अन्न आतून येत असतं. घड त्यालाच मोठा लागतो. सासूबाई मुनव्याकडे वरून पाहतच नाहीत. बुडाशी बसतात, माती हातानं उकरतात, कंद कुठं जोडलेला आहे ते बोटांनी चाचपतात आणि मग बोलतात.

एवढ्यानं निवड संपत नाही. तो मुनवा कुठल्या बाजूचा? आईच्या घडाखाली आला असेल तर नको, घड उतरवताना तुडवला जाईल. भिंतीकडचा नको, त्याला ऊन मिळणार नाही. शिवाय वेळ. आज ठेवलेला मुनवा निसवायला साधारण दहा-अकरा महिने घेईल. ते महिने मोजत गेलं आणि डिसेंबर-जानेवारी आला तर तो काढायचा आणि त्याच्या मागून येणाऱ्याची वाट पाहायची. ठेवलेला एक, त्याच्या मागं वर्षाच्या अंतरानं एक, बाकी सगळे काढायचे. नुसते जमिनीबरोबर कापून चालत नाही, आठ दिवसांत पुन्हा वर येतात. कोयत्याच्या टोकानं आतला कोंब फोडावा लागतो. हे काम मला वर्षानुवर्षं जड गेलं. निरोगी, हिरवा जीव, काही दोष नसताना मारायचा. सासूबाईंनाही ते सोपं जात नाही हे मी पाहिलं आहे. पण त्या थांबत नाहीत. सगळे ठेवले तर घड मूठभर लागेल आणि दोन वर्षांत बेट दाटीनं खंगेल. ज्याला पुढं न्यायचं ठरवलं त्याच्या वाट्याचं अन्न त्यालाच मिळालं पाहिजे, ही जबाबदारी निवडणाऱ्याची.

आणि निवड एका वेळेची, एका झाडाची नसते. खायच्या केळीला बी नाही. प्रत्येक बसराई ही दुसऱ्या बसराईचा मुनवा, ती तिसरीचा. न्यू गिनीत कुक नावाच्या दलदलीत सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या केळीलागवडीच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हापासून आजवर कुणी ना कुणी बुडाशी वाकून हा ठेव, तो काढ, असं करत आलं म्हणून आपल्या ताटात केळं आहे. त्यांतल्या एकाही माणसाची चूक भलतीकडे गेली असती तर ती वाट तिथंच संपली असती. हे मनात आलं की सासूबाईंच्या मातीनं भरलेल्या बोटांकडे मी वेगळ्या आदरानं पाहते.

एकाच जीवाच्या इतक्या शाखा असण्यात धोकाही तेवढाच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळी विकली जात. मातीतल्या फ्युझेरियम बुरशीनं, ज्याला पनामा रोग म्हणतात, त्या बागाच्या बागा बसल्या आणि १९५० च्या दशकात तिची जागा कॅव्हेंडिशनं घेतली. आता त्याच बुरशीचा नवा वाण कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहारपर्यंत पोचला आहे. म्हणून कुणी प्रेमानं मुनवा देऊ केला तरी आधी त्याचं बेट पाहून यावं. खालची पानं पिवळी पडून खोडाला लटकत असतील, किंवा शेंड्याची पानं आखूड होऊन गुच्छासारखी उभी असतील, तर घेऊ नये. गुच्छाचा रोग आपल्याकडे दिसला तर सबंध बेट कंदासकट काढून नष्ट करावं, त्यात माया करू नये. मावा तो शेजारच्या परसात नेतो.

बेट चालतं. लेक आईच्या कडेला उगवते, नात लेकीच्या कडेला, आणि ज्या बाजूचा मुनवा ठेवाल त्या बाजूला दरवर्षी वीतभर, हातभर ते सरकतं. मूळ जागी आता सदाफुली आहे. मधे काही वर्षं आम्ही उन्हाच्या लोभानं सतत पूर्वेचाच मुनवा ठेवत होतो. पूर्वेला शेजारच्या आजीचं, दाईचं, कुंपण. एक दिवस ती कुंपणावर हात टेकून हसत म्हणाली, “तोर केरा ह मोर कोती आवत हे.” सासूबाई म्हणाल्या, आने दो. पुढचा मुनवा कुंपणापलीकडे निघाला तो दाईनं ठेवला, आणि तिच्या बाजूचं बेट आता आमच्याहून मोठं आहे. कापणीच्या दिवशी कुठली केळ कुणाची हा प्रश्न येत नाही. घड ज्याच्या बाजूला झुकेल त्याचा, गाभा दोघींचा, केळफूल दाई घेत नाही कारण तिला ते साफ करायचा कंटाळा येतो.

यंदा दाईची नातसून नवा रायपूरला नव्या घरी राहायला गेली. मागं थोडी जमीन आहे, तिला केळ हवी होती. ती आली तेव्हा सासूबाई खुर्ची टाकून बेटापाशी बसल्या होत्या. आता त्यांना वाकता येत नाही, काठीनं दाखवतात. मुलीनं रुंद पानांचा, हिरवागार मुनवा मागितला. सासूबाईंनी काठी त्याच्या पलीकडच्या अरुंद पानांच्या मुनव्यावर ठेवली आणि मला माती उकरायला लावली. कंद जाड निघाला, निरोगी, पांढऱ्या मुळ्यांचा. पानं वीतभर ठेवून कापली, जुन्या मुळ्या छाटल्या, ओल्या गोणपाटात बांधला. मग तिला एकेक सांगितलं. दोन दिवस सावलीत ठेव. खड्डा गुडघाभर, त्यात निम्मं शेणखत. जमीन काळी असेल तर खड्डा नको, ओटा कर. भिंतीपासून तीन हात सोड. बेसिनचं पाणी दे, कपड्यांचं नको. पहिले चार महिने बुडाशी जे येईल ते काढून टाक, दया करू नकोस. त्यानंतर येतील त्यांना हात लावू नकोस, मला बोलाव.

मुलीनं विचारलं, दादी, तुम्ही इतक्या लांब येणार? सासूबाई म्हणाल्या, मुनवा बघायला येईन, त्यात काय. नवा रायपूर इथून गाडीनं पाऊण तास आहे. पाऊस धरायच्या आत जायचं ठरलं आहे. कोयता मी दाईकडून धार लावून आणला आहे.